डाव्या अंगाची बंदूक

आमच्या घरात बंदुकीवरून जे भांडण झाले त्याची सुरुवात भरल्या पानावर झाली, ही गोष्ट मला आजही खटकते. अन्न समोर असताना आवाज चढवू नये, असे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो. पण त्या रविवारी व्याह्यांनी आमटीच्या वाटीशेजारी एक रंगीत कॅटलॉग उघडून ठेवला, चकचकीत जर्मन एअर रायफलच्या चित्रावर बोट टेकवले आणि माझ्या मुलाला विचारले, "ही घ्यायची ऐपत आहे का, जावईबापू? नसेल तर स्पष्ट सांगा. लाजू नका."

मुलाने हातातला घास पानात ठेवला. सून स्वयंपाकघराच्या दारात थबकली. माझी नात, जिच्यासाठी हे सारे चालले होते, भातावर आमटी ओतत राहिली. वाटी रिकामी झाल्यावरही तिने ती तशीच कलती धरली होती.

"ऐपतीचा प्रश्न नाही, नाना," मुलगा म्हणाला. "पहिलीच बंदूक आहे. चौदा वर्षांची पोर. उद्या कंटाळली तर? मी जुनी, चांगल्या अवस्थेतली बघतोय."

"जुनी! जुना फ्लॅट, जुनी गाडी, आता बंदूकही जुनी. माझ्या मुलीला एवढ्यासाठीच दिली होती का तुमच्या घरात?"

हा काळ नव्वदच्या दशकातला. मी बालपणी पाठशाळेत शिकलो, पुढे शाळेत संस्कृत शिकवले, आणि पत्नी निवर्तल्यावर मुलाकडे सिंगापूरला राहायला आलो. मुलगा तांजोंग पगारच्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत नोकरी करत होता. व्याही त्याच्या दुप्पट वर्षे या शहरात होते; जहाजावर चीफ इंजिनियर म्हणून समुद्र पालथे घालून आता दुरुस्तीच्या गोदीत सल्लागार झाले होते आणि तरणतलाव असलेल्या कॉन्डोत राहत होते. देवाधर्माचा त्यांना तिटकारा. मला ते 'शास्त्रीबुवा' म्हणत, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून नेहमी थुंकल्यासारखा बाहेर पडे.

नातीने त्या वर्षी नेमबाजी सुरू केली होती. शहराच्या पश्चिमेला, झाडीत दडलेल्या एका क्लबात दर शनिवारी मुलांचा वर्ग भरे. आईवडिलांना शनिवारीही कामे असत, म्हणून तिला एमआरटी या शहरी रेल्वेने आणि मग बसने घेऊन जाण्याचे काम माझ्याकडे आले. शस्त्राविषयी मला कधी ओढ नव्हती आणि घृणाही नव्हती. ज्या वस्तूने इजा होऊ शकते ती हाती घेताना मन जागे ठेवावे लागते, एवढेच मी जाणत होतो. आणि तिथली शिस्त पाहून मला समाधान वाटले होते. इथल्या कायद्याच्या लेखी छर्‍याची बंदूकसुद्धा शस्त्रच. ती विकत घ्यायची तर पोलिसांचा परवाना, आणि घेतल्यावर ती क्लबाच्या कुलपाबाहेर न्यायची सोय नाही.

"तुला तिथे काय आवडते ग?" मी एकदा बसमध्ये विचारले होते.

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तिथे सगळे गप्प असतात, आजोबा. शूट करताना बोलायचंच नाही, रूल आहे."

ते वाक्य मी कोणाला सांगितले नाही. पण घरी कोणाचा आवाज चढला की मला ते आठवे.

क्लबाचा आणखी एक नियम होता. नवशिक्यांना एका हंगामापुरती क्लबाची बंदूक मिळे. पुढे मुलांच्या पथकात राहायचे तर स्वतःची हवी. कारण क्लबाच्या बंदुका थोड्या आणि नव्याने येऊ पाहणारी मुले पुष्कळ. ती मुदत त्या वर्षी नेमकी दसर्‍याच्या आठवड्यात संपत होती. बंदूक नाही तर जागा नाही. शिवाय बंदूक असून भागणार नव्हते, कारण आमच्या नातीचा नेम वाईट होता, आणि तो वाईट असल्याचे तिथल्या प्रशिक्षिका लपवत नसत.

त्या पोलिसात नोकरी करून निवृत्त झालेल्या एक चिनी बाई होत्या. एका शनिवारी त्यांनी नातीचा कागद माझ्यासमोर धरला. छर्‍याची भोके त्यावर अशी विखुरली होती, जणू मूठभर मोहरी फेकली असावी. "अंकल, धिस वन वेस्टिंग टाइम लाह," त्या इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाल्या. "अदर चिल्ड्रन वेटिंग." नात माझ्या शेजारीच उभी होती. बाईंनी ते तिला ऐकू जावे अशाच आवाजात म्हटले.

पुढच्या शनिवारी व्याही स्वतः क्लबात आले. त्यांनी क्लबाची बंदूक उचलून पाहिली, नळीतून डोकावले, दस्त्यावर टिचकी मारली आणि निकाल दिला, "हा भंगार माल आहे. अशा हत्याराने कोणीही चुकेल. हिला नवी बंदूक द्या, आठवड्यात फरक दिसेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा मुलगा हिशेब करत बसलाय, शास्त्रीबुवा. हिशेबाने नेम लागत नाही."

"नव्यानेही लागेलच असे कशावरून?" मी विचारले.

"तुम्हाला यंत्रातलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणून विचारले."

त्यांनी बंदूक परत ठेवली. दसर्‍याच्या दिवशी ते क्लबात येऊन नवी रायफल मागवण्याचे पैसे भरणार होते. त्याआधी मुलाने काही केले तर केले, नाहीतर त्या दिवसापासून नातीच्या नेमबाजीत बापाने तोंड घालायचे नाही. हे त्यांनी मला मुलापर्यंत पोचवायला सांगितले. मी पोचवले. मुलाचे कान लाल झाले. "त्यांची बंदूक या मुलीच्या हातात आली ना अप्पा, तर ती जन्मभर त्यांचीच राहील. प्रत्येक जेवणाला तिचं नाव निघेल." हे खरे होते. त्यांनी लग्नात दिलेल्या चांदीच्या ताटाचे नाव अजून निघत असे.

म्हणून मुलगा शनिवारी कामातून वेळ काढून आमच्याबरोबर क्लबात येऊ लागला आणि जुनी बंदूक शोधू लागला. क्लबाच्या फळ्यावर विक्रीच्या चिठ्ठ्या लागत. एकाची बंदूक स्वस्त होती, पण दस्त्याला गेलेला तडा मेणाने बुजवून वरून पॉलिश केले होते. मुलाने नखाने खरवडताच मेण निघून आले आणि मालक उलट त्याच्यावरच खेकसला. दुसर्‍याची नीट होती, पण इतकी जड की नातीने ती खांद्याला लावताच तिचे हात थरथरले. तिसर्‍याने फोनवर एक किंमत सांगितली आणि आम्ही समोर आल्यावर दुसरी. पहिली बंदूक निवडताना माणसे फक्त भाव पाहतात. ती धरणार्‍याचा हात कोणी पाहत नाही, असे मला त्या शनिवारी वाटून गेले. पण हा विचार तेव्हा मी पुढे नेला नाही.

शस्त्रागाराच्या जाळीमागे आणखी एक बंदूक टांगलेली होती. आकाराने लहान, मुलांसाठीच घडवलेली, आणि किमतीने इतर सर्वांहून उतरलेली. गाल टेकवायचा लाकडाचा फुगवटा तिला उलट्या अंगाला होता. एका डॅनिश गृहस्थांनी आपल्या डावर्‍या मुलीसाठी ती आणली होती. मुलगी मोठी होऊन युरोपात शिकायला गेली, आणि बंदूक घ्यायला कोणी मिळेना. व्याह्यांनी ती पाहिली तेव्हा ते खो खो हसले होते. "डावरी बंदूक! फुकट दिली तरी नको. जावईबापूंना दाखवू नका, घेऊन टाकतील."

मग पितृपंधरवडा लागला. माझ्या वडिलांच्या तिथीला मी घरीच यथाशक्ति तर्पण केले. सेरंगून रोडवरच्या दुकानातून दर्भ आणला होता, त्यातला थोडा उरला. शिधा देवळात पोचवून मी दुपारी परतलो, आणि संध्याकाळी देवासमोर समई लावून जपाला बसलो, तेव्हा नात शाळेतून आली. घरात दुसरे कोणी नव्हते. ती न बोलता माझ्या शेजारी बसली. उरलेल्या दर्भाची तिने सहज गुंडाळी केली, मी करतो तशी गाठ मारली, आणि ते छोटे कडे हात लांब करून समईच्या ज्योतीसमोर धरले.

माझा जप संपत आला होता. ती म्हणाली, "आजोबा, फनी आहे. हा डोळा मिटला की लाइट पळून जातो."

"कोणता डोळा?"

"हा." तिने डावा डोळा झाकला. "आता रिंगमध्ये लाइट नाही. आणि हा झाकला ना," तिने उजव्यावर तळवा ठेवला, "की आहे. तिथेच आहे."

मी तिच्या हातातून कडे घेऊन तसेच करून पाहिले. माझ्या बाबतीत उलटे झाले. उजवा डोळा झाकला की ज्योत कड्याबाहेर सरके. मी तिला पुन्हा करायला लावले. पुन्हा तेच. आणि मग, जप पुरा करायचा राहिला असूनही, माझ्या मनात काही गोष्टी एकापाठोपाठ उभ्या राहिल्या. हारासाठी सुईत दोरा ओवताना ही मुलगी नेहमी उजवा डोळा मिटते. आरतीच्या वेळी तिला तबक दिले तर ती नको म्हणते आणि घंटा मागते. घंटा डाव्या हाताने वाजवायची असते. पूजेत तो मान डाव्या हाताचा आहे. तिच्या हातची घंटा आरतीच्या आरंभापासून शेवटपर्यंत एका लयीत वाजे, एक टोलही मागेपुढे होत नसे. मी वर्षानुवर्षे ती ऐकत आलो होतो आणि ती मला गोड वाटत होती, इतकेच. हाच हात आणि हाच डोळा क्लबात निकामी ठेवला जात होता.

"लहानपणी तू पेन्सिल कोणत्या हाताने धरायचीस, आठवते?"

"याच्याने," तिने डावा हात उचलला. "नाना काढून घ्यायचे. मग याच्यात द्यायचे."

मुलगा रात्रीच्या जेवणाआधी घरी आला. मी त्याला दर्भाचे कडे दाखवले, मुलीला पुन्हा ज्योतीसमोर बसवले आणि ती जाळीमागची बंदूक घ्यावी असे सुचवले. त्याचा चेहरा आनंदाने उजळेल अशी माझी कल्पना होती. तो पांढरा पडला, आणि मग तापला.

"आता सांगताय?"

"आजच कळले."

"तो डॅनिश माणूस गेल्या शनिवारी स्वतःहून आला होता माझ्याकडे. म्हणाला, तुमच्या मुलीच्या मापाची आहे, घेऊन टाका, मी शनिवारी कायमचा जातोय. मी म्हटलं, मुलगी डावरी नाही. तो म्हणाला, एकदा धरून तर पाहू द्या. तर मी काय म्हटलं असेल?"

मी समईची वात सारखी केली.

"म्हटलं, आमचा पंधरवडा आहे. या दिवसांत आम्ही काही विकत घेत नाही. माझ्या वडिलांना चालणार नाही." तो जवळजवळ ओरडला. "तुमच्यासाठी! तुमच्या पितरांसाठी! त्याला काही कळलं नाही. त्याला वाटलं मी भाव पाडतोय. तो चिडून गेला. आता बंदूक दुकानदाराला देऊन टाकणार आहे तो."

"मला विचारले होतेस का?"

"विचारायचं काय त्यात? लहानपणापासून बघतोय. पंधरवड्यात चप्पलसुद्धा घेऊ दिली नाहीत तुम्ही."

त्यात सून आली. तिने सारे ऐकले आणि माझ्याकडे न पाहता नवर्‍याला म्हणाली, "बरंच झालं. पंधरवड्यात आणि तीही डावी. एवढं अशुभ एकदम कशाला? नाना घेतायत ना नवी, घेऊ द्या." तिचा हेतू वाईट नव्हता; तिला फक्त भांडण मिटायला हवे होते. पण तिने वडिलांना फोन केला, आणि दर्भाच्या कड्यावरून मुलगी डावरी ठरवून ती डावी बंदूक घ्यायचे चालले आहे, हे त्यांना सांगितले. तासाभरात ते दारात उभे होते.

"कोण म्हणतं ही डावरी आहे?" पादत्राणे न काढताच ते आत आले. "मी मोडलीय तिची ती सवय. माझ्या हाताने मोडलीय. इंजिनरूममध्ये एका डावर्‍या फिटरची बोटं गेलेली पाहिलीत मी. या जगातली प्रत्येक कात्री, प्रत्येक मशीन उजव्या हाताच्या माणसासाठी आहे. आणि आता हा म्हातारा गवताची अंगठी करून सांगणार?"

"नाना!" सून म्हणाली.

"पाहुण्यासारखे बसा, व्याहीबुवा," मी म्हणालो. "पाणी घ्या."

"पाणी नको. तुम्हीच ना ते, डाव्या हाताने प्रसाद घेऊ नको म्हणून पोरीच्या मागे लागणारे?"

"होय. आजही लागतो. प्रसाद उजव्याच हाताने घ्यायचा."

"मग?"

"मग घंटा कोणत्या हाताने वाजवायची, हे तुम्हाला ठाऊक नसेल. देवळात गेला असता तर ठाऊक असते." हे बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता, पण ते बोलणे तीक्ष्ण होते, आणि ते तीक्ष्ण व्हावे अशीच माझी इच्छा होती. "आज सकाळी मी माझ्या वडिलांचे तर्पण केले. त्या कर्मात जानवे एरवीच्या खांद्यावर ठेवून चालत नाही. ते दुसर्‍या खांद्यावर घ्यावे लागते, आणि ते तसे घेतले नाही तर कर्मच होत नाही. ज्या कामाची जी बाजू नेमलेली आहे, त्या कामाला ती बाजू वापरायची. यात अशुभ काही नाही. शास्त्र मला शिकवू नका, मी तुम्हाला इंजिन शिकवत नाही."

"आणि पंधरवडा?" मुलगा मध्येच म्हणाला. तो अजून माझ्यावर रागावलेला होता. "तो कुठे गेला आता?"

"मंगलकार्य नको, असा नेम आहे. लग्न नको, मुंज नको, वास्तू नको. चप्पल नको म्हणालो असेन, तर ती तुझी जुनी धडधाकट होती म्हणून. जुनी बंदूक, मुलीच्या अभ्यासाला लागणारी, यात कसले मंगलकार्य? उद्या चल माझ्याबरोबर."

"उद्या मला ऑफिस आहे. शुक्रवारी मीटिंग आहे. शनिवारी तो जातोय."

"मग उद्या मी जातो."

व्याही हसले. "तुम्ही? पश्चिमेच्या जंगलात, एकटे, धोतर नेसून, बंदूक घ्यायला? पोलीस धरतील, शास्त्रीबुवा."

मी दुसर्‍या दिवशी गेलो, पँट घालून.

ते डॅनिश गृहस्थ क्लबाच्या कचेरीत आपले सामान आवरत होते. माझे इंग्रजी शाळामास्तरी आणि हळू; त्यांचे तुटक. मी कोण हे कळताच त्यांनी मान फिरवली. "तुमच्या मुलाने मला सांगितले, तुमच्या मेलेल्या पूर्वजांना माझी बंदूक चालत नाही."

"त्याने मला न विचारता सांगितले. पूर्वजांची काही हरकत नाही."

"मी दुकानदाराला शब्द दिला आहे."

"दुकानदाराकडे डावरी मुलगी आहे का?"

त्यांनी हातातले सामान खाली ठेवले. मी खिशातून दर्भाचे कडे काढून टेबलावर ठेवले आणि नातीने काय पाहिले ते सांगितले. त्यांनी कडे उचलले नाही. त्याच्याकडे पाहत त्यांनी चिडक्या स्वरात विचारले, "प्रशिक्षिकेने इतके दिवस हे तपासले नाही?" मी म्हणालो, वर्ग सुरू झाल्यावर नात उशिरा दाखल झाली; पहिल्या दिवशी इतर मुलांचे काय तपासले, ते आम्हाला माहीत नाही. त्यांनी प्रशिक्षिकेविषयी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटले. ते स्तुतिपर नसावे.

भाव त्यांनी एका पैशानेही कमी केला नाही, आणि मी तसे सुचवलेही नाही. माझ्या पाकिटात होते ते मी विसार म्हणून दिले. परवान्याच्या कागदांवर मुलाची सही हवी होती. "शुक्रवारी, क्लब बंद होण्याआधी," ते म्हणाले. "मिनिटभर उशीर झाला तरी दुकानदार."

मुलाने शुक्रवारची मीटिंग सोडली. त्याबद्दल त्याच्या वरिष्ठाने त्याला काय सुनावले ते त्याने मला सांगितले नाही. परंतु घरी आल्यावर तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही; सही मात्र तो करून आला होता. निरोप घेताना त्या गृहस्थांनी त्याला एवढेच सांगितले होते की बंदुकीची माशी, म्हणजे नेम धरायची साइट, जशी आहे तशी राहू द्या, पहिल्याच दिवशी कोणाला ती फिरवू देऊ नका.

दसर्‍याच्या दिवशी शनिवार होता; परवाना आदल्याच दिवशी हाती आला होता, आणि मुलांच्या जागा ठरवायला प्रशिक्षिका त्याच दिवशी नेम पाहणार होत्या. सकाळी मी घरी शस्त्रपूजा केली. शस्त्र नव्हते, म्हणून मुलाची दुरुस्तीची साधने, सुनेची कात्री आणि माझी पोथी मांडली. क्लबात बंदुकीला गंध लावावे अशी माझी इच्छा होती. शस्त्रागारातला माणूस माझ्या हातातली कुंकवाची डबी पाहून जाळीमागून गरजला, "नो पावडर! नो पावडर हिअर!" त्याचे बरोबर होते. मी डबी खिशात घातली आणि दुरूनच हात जोडले.

व्याही आमच्या आधीच येऊन बसले होते, चेकबुक घेऊन. कचेरीत त्यांना कळले होते की बंदूक घेतली गेली. त्यांनी माझ्या मुलाकडे पाहिले आणि चेकबुक खिशात ठेवले. इतके सावकाश, की आम्ही सर्वांनी ते पाहावे.

"शेवटी भंगारच घेतलंत," ते म्हणाले. "पोरीचं वर्ष वाया घालवलंत, दुसरं काही नाही. आज जागा गेली, की उद्यापासून मी हिला टेनिसला घालतो."

नातीने बंदूक उचलली. सुरुवातीला तिने सवयीने ती उजव्या खांद्याला लावली. लाकडाचा फुगवटा गालापासून दूर राहिला. प्रशिक्षिकाबाई मागून काही बोलणार तोच तिने स्वतःच ती डाव्या खांद्यावर घेतली. कपाळावर आठी नाही, डावा डोळा मिटण्याची धडपड नाही. ती नुसती उभी राहिली. तिला इतके स्वस्थ उभे राहिलेले मी फक्त आरतीत पाहिले होते.

"हे चालणार नाही," व्याही मोठ्याने म्हणाले. "कोपर बघा तिचं..."

प्रशिक्षिकेने वळून ओठांवर बोट ठेवले आणि भिंतीवरच्या पाटीकडे हात दाखवला. तिथे गप्प बसण्याचा नियम लिहिलेला होता. चाळीस वर्षे जहाजांवर आवाज चढवत आलेला तो माणूस तोंड उघडे ठेवूनच गप्प झाला. मग त्याने तोंड मिटले. पुढचा अर्धा तास तिथे छर्‍याच्या बारीक ठोक्यांखेरीज काही ऐकू आले नाही. माझ्या मुलाने भिंतीला पाठ टेकली होती आणि त्याचे डोळे जमिनीवर होते.

कागद दोरीवरून सरकत आमच्यापर्यंत आला. मध्यभागी एकही भोक नव्हते. सगळी खालच्या डाव्या कोपर्‍यात पडली होती.

"बघा," व्याही लगेच म्हणाले. "मध्ये एक तरी आहे का?"

नातीने मान खाली घातली. पण प्रशिक्षिकेने कागद उचलून प्रकाशात धरला. कोपर्‍यातली ती सारी भोके एकमेकांत मिसळून एकच मोठे, कडा कुरतडल्यासारखे छिद्र झाले होते. तर्जनीचे टोक त्यावर ठेवले असते तर झाकले गेले असते. बाईंनी एकदा बंदुकीकडे आणि एकदा मुलीच्या डाव्या डोळ्याकडे पाहिले. आपण आजवर काय चुकवले ते त्यांना कळले असावे.

"साइट कॅन अ‍ॅडजस्ट," त्या म्हणाल्या. "हँड कॅनॉट. नेक्स्ट सॅटरडे, सेम टाइम. डोंट बी लेट."

नात माझ्याकडे धावत आली नाही, की हसलीही नाही. तिने नळी रिकामी असल्याची खात्री करून घेतली, शिकवल्याप्रमाणे, आणि मग बंदूक जाळीमागच्या माणसाच्या हाती दिली. त्यानंतर तिने उजव्या हाताने डावे मनगट दाबून धरले.

व्याह्यांनी बाकावर पडलेला तो कागद घेतला. चीफ इंजिनियरचा अंगठा त्या एकुलत्या भोकावरून फिरला, त्याच्या कडा चाचपल्या. ज्या माणसाने आयुष्यभर पिस्टन आणि त्याच्या नळकांड्यातले अंतर केसाइतके बारीक मोजले होते, त्याला त्या भोकाचा अर्थ मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी कागदाची घडी केली आणि तो चेकबुकाच्या खिशात घातला.

"हे फार काही नाही," ते मला म्हणाले.

"नाहीच," मी म्हणालो.

परतीच्या टॅक्सीत मी पुढे बसलो. मुलगा आणि व्याही मागे दोन बाजूंच्या खिडक्यांशी बसले होते, मध्ये नात. त्यानंतरही आमच्या घरी पानावर आवाज चढत राहिले. जुन्या फ्लॅटचे, जुन्या गाडीचे, चांदीच्या ताटाचे नाव निघत राहिले. बंदुकीचे मात्र कधी निघाले नाही. तो कागद मी मागितला नाही आणि त्यांनीही परत दिला नाही. दर शनिवारी सकाळी नात लवकर उठून, माझ्या पूजेत घंटा वाजवून, पायात बूट घालून दाराशी उभी राही, आणि आम्ही दोघे न बोलता स्टेशनकडे चालू लागत असू.